मोबाईलच्या नकाशातले आपले रान : किती खरे आणि किती जुने?



गेल्या हंगामात ऊस नोंदीचे काम चालू असताना आमच्या एका गट कार्यालयात दोन सभासद आले. दोघे चुलत भाऊ, रानाला रान लागून. थोरल्यांनी मोबाईल पुढे केला. उपग्रहाच्या चित्रावर गट नंबरच्या रेघा दाखवणारा तो नकाशा होता. ते म्हणाले, "साहेब, हे बघा. रेघ बांधाच्या पलीकडं चार पावलं गेलीय. म्हंजे तेवढं रान माझं आन् बांध यानं माझ्याकडं सरकवलाय. उद्या अर्ज देतो." धाकटे शांतपणे म्हणाले, "दादा, बांध आज्ज्यापासनं तिथंच हाय. बांधावरचं आंब्याचं झाड काय चालत आलं का?"

त्या दिवशी आम्ही दोघांना चहा दिला आणि तोच नकाशा पुन्हा नीट पाहिला. काय आढळले ते पुढे सांगतो. पण त्या प्रसंगावरून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आज बहुतेक सभासदांच्या खिशात उपग्रहाचे चित्र आहे. त्यावर लोक क्षेत्र मोजतात, बांध बघतात, शेजाऱ्याचा ऊस किती आला याचा अंदाज करतात. साधन चांगले आहे. परंतु ते चित्र कसे तयार होते, ते कोणत्या दिवसाचे असते आणि त्यात काय दिसते व काय दिसत नाही, हे माहीत नसेल तर चांगल्या साधनापायी भावाभावांत तंटा उभा राहतो. म्हणून हा लेख.

हे चित्र येते कोठून?

पृथ्वीचे फोटो काढणारे उपग्रह साधारण सहाशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. अमेरिकेने १९७२ साली लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. आपल्या देशाचा आयआरएस-१ए हा उपग्रह मार्च १९८८ मध्ये आकाशात गेला. त्या काळी ही चित्रे सरकारी खात्यांत आणि संशोधन संस्थांतच पाहायला मिळत. सामान्य माणसाच्या हाती ती आली २००५ साली. गूगलने त्याआधीच्या वर्षी कीहोल नावाची कंपनी विकत घेतली होती, तिच्याच कामातून जून २००५ मध्ये 'गूगल अर्थ' निघाले. आपल्या इस्रोने ऑगस्ट २००९ मध्ये 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू केले.

पुष्कळांना वाटते की मोबाईल उघडला की वरून उपग्रह आपल्याकडे बघतो आणि त्या क्षणाचे चित्र खाली पाठवतो. तसे मुळीच नाही. नकाशा देणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या उपग्रहांची, निरनिराळ्या दिवसांची चित्रे विकत किंवा फुकट मिळवतात आणि ती एकमेकांना जोडून ठेवतात. आपल्या आजीच्या गोधडीसारखाच हा प्रकार आहे. एक तुकडा जुन्या लुगड्याचा, दुसरा नव्या धोतराचा. लांबून गोधडी एकच दिसते, पण जवळून पाहिले की शिवण दिसते. नदी एका ठिकाणी हिरवट आणि पुढे एकदम गढूळ दिसते, किंवा सरळ रेघेच्या अलीकडे रान हिरवेगार आणि पलीकडे उजाड दिसते, ती हीच शिवण. दोन्ही बाजूंचे फोटो वेगवेगळ्या दिवशी काढलेले असतात.

गुंठ्यात ठिपके किती?

चित्राचा दर्जा ठरतो तो ठिपक्यावरून. उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्याला एकच रंग. त्या ठिपक्याच्या आत जमिनीवर काहीही असो, ऊस, पाट, बांध, वाट, सगळ्यांचा मिळून एक रंग होतो. ठिपका जितका लहान तितके चित्र बारीक.

हा हिशेब मीटरमध्ये सांगितला तर डोक्यात बसत नाही. आपण गुंठ्यात करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. मीटरमध्ये सुमारे १०१ चौरस मीटर.

लँडसॅटच्या पहिल्या उपग्रहाचा ठिपका सुमारे ८० मीटरचा होता. म्हणजे एका ठिपक्यात दीड एकराहून अधिक रान. आपल्या आयआरएस-१ए वरील एका कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे सव्वा एकराहून थोडा मोठा. दुसरा त्याच्या निम्म्या बाजूचा, म्हणजे सुमारे तेरा गुंठ्यांचा. आजच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा ठिपका दहा मीटरचा. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! एक गुंठा, एक ठिपका.

मग मोबाईलमध्ये विहिरीचे तोंड, गोठ्याचे पत्रे आणि ट्रॅक्टरसुद्धा दिसतो तो कसा? ती चित्रे खासगी कंपन्यांच्या उपग्रहांची असतात. १९९९ साली सोडलेल्या आयकोनॉसचा ठिपका सुमारे एक मीटरचा होता, म्हणजे गुंठ्यात शंभर ठिपके. २०१४ सालच्या वर्ल्डव्ह्यू-३ चा ठिपका सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे एक चौरस फूट. गुंठ्यात हजारावर ठिपके झाले. आपल्या देशाचा नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेला कार्टोसॅट-३ हाही याच तोडीचा आहे.

आता कोणी म्हणेल, मग सगळीकडे असाच बारीक फोटो का काढत नाहीत? याचे कारण कुरीसारखे आहे. रुंद कुरीने रान लवकर उरकते, अरुंद कुरीने वेळ लागतो. सेंटिनेल-२ एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. वर्ल्डव्ह्यू-३ चा पट्टा फक्त १३ किलोमीटरच्या आसपास. जितके बारीक पाहायचे तितका पट्टा अरुंद, आणि तितका खर्चही जास्त. म्हणून बारीक फोटो जिथे गिऱ्हाईक आहे तिथे आधी काढले जातात. शहर, महामार्ग, बंदर, धरण यांचा नंबर पहिला. डोंगराकडेच्या वाडीचा नंबर मागून. एका गावात चित्र स्पष्ट आणि नदीपलीकडच्या गावात धूसर, याचे मुख्य कारण हेच. अमेरिका-युरोपातील मोठ्या शहरांची म्हणून जी अतिशय स्वच्छ चित्रे दिसतात, ती तर पुष्कळदा उपग्रहाची नसतातच. ती विमानातून काढलेली असतात.

चित्र कोणत्या दिवसाचे?

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही गफलत सर्वांत जास्त असते. "साहेब, त्याच्या रानात ऊसच न्हाई, आन् नोंद दोन एकराची! मोबाईलात बघा की, मोकळं रान दिसतंय." चित्रात रान मोकळे दिसते हे खरे. पण कोणत्या साली?

गूगलचे चित्र बहुधा एक ते तीन वर्षे जुने असते. काही आडगावांचे त्याहूनही जुने. गूगल मॅप्सच्या खाली चालू वर्षाचा आकडा दिसतो त्याला पुष्कळ लोक फोटोची तारीख समजतात. तो आकडा कंपनीच्या मालकी हक्काचा असतो, त्याचा फोटोशी संबंध नाही. फोटोची तारीख पाहायची असेल तर संगणकावर गूगल अर्थ उघडावे. त्यात खालच्या बाजूला चित्राची तारीख येते, आणि मागच्या वर्षांची चित्रेही एकामागून एक पाहता येतात. ही सोय २००९ पासून आहे. विहीर कोणत्या सालापासून दिसते, ओढा पूर्वी कसा वाहत होता, हे त्यात चांगले कळते.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ भरलेले असते आणि साधा उपग्रह ढगातून पाहू शकत नाही. म्हणून आपल्या भागाची बहुतेक चांगली चित्रे दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतची असतात, म्हणजे नेमकी गळीत हंगामातली. जानेवारीत ऊस तुटला आणि फेब्रुवारीत फोटो निघाला तर रान पाचटाने पिवळे दिसणार. तोच फोटो डिसेंबरात निघाला असता तर उभा ऊस दिसला असता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडची रानेच्या राने पाण्याखाली होती. पण साधा नकाशा उघडणाराला त्या दिवशीही कोरडे, पूर्वीच्याच तारखेचे शिवार दिसत होते. पुरासारख्या वेळी रडारचे उपग्रह उपयोगी पडतात. रडार ढगातून आणि रात्रीही पाहते. परंतु रडारचे चित्र आपल्या रोजच्या नकाशात नसते.

नकाशा लांबून पाहताना हिरवे दिसणारे शिवार जवळ नेल्यावर एकदम तपकिरी होते, हाही अनुभव पुष्कळांना आला असेल. लांबचे चित्र लँडसॅटसारख्या उपग्रहांच्या अनेक फोटोंतले ढग नसलेले भाग निवडून केलेले असते. जवळचे चित्र दुसऱ्याच उपग्रहाचे, दुसऱ्याच दिवसाचे असते.

रेघ का सरकते?

आता त्या दोन भावांच्या नकाशाकडे वळू. आम्ही त्यांच्या बांधापुरते न पाहता सगळे शिवार पाहिले. तेव्हा दिसले की फक्त याच बांधावरची रेघ सरकलेली नव्हती. शेजारच्या गटांच्या रेघा, शिवरस्त्याची रेघ, ओढ्याची रेघ, सगळ्या एकाच दिशेला आणि जवळजवळ तेवढ्याच अंतराने सरकल्या होत्या. सगळ्या गावाने मिळून एकाच दिशेला चार पावले बांध कोरले असे कधी होईल का? तेव्हा बांध जागेवरच होता. नकाशा आणि चित्र यांचा मेळ बसलेला नव्हता.

असे का होते? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण कॅमेऱ्याच्या कलाचे. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावरून फोटो काढत नाही, बाजूने कलूनही काढतो. आपल्या कारखान्याची चिमणी चित्रात पाहा. ती उभी न दिसता आडवी पडल्यासारखी दिसेल. चिमणीचा बुडखा बरोबर जागी आणि शेंडा भलतीकडे. उंच झाडांचे तसेच. डोंगरउताराला तर सगळी जमीनच कलते. उंच-सखलपणाचा हिशेब करून चित्र सरळ करावे लागते. तो हिशेब थोडा चुकला की चित्र काही मीटर सरकते. म्हणून सपाट नदीकाठापेक्षा सह्याद्रीच्या उतारावरील रानांत ही चूक जास्त सापडते.

दुसरे कारण जुन्या मोजणीचे. आपले गाव नकाशे आणि फाळणीची टिपणे ज्या काळात झाली, त्या काळी शंकू साखळीने, फलकावर कागद लावून मोजणी होत असे. ते काम चोख होते, पण त्याला अक्षांश-रेखांशाचा आधार नव्हता. शिवाय कागद वर्षानुवर्षे आकसतो, घड्या पडतात. असा कागद संगणकावर घेऊन चित्रावर ताणून बसवला की एका कोपऱ्यात बरोबर बसतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन पावले हुकतो.

तिसरे कारण खुद्द मोबाईलचे. उघड्या आभाळाखालीसुद्धा मोबाईलचा जीपीएस सुमारे पाच मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवतो. आंब्याखाली किंवा डोक्यावर गेलेल्या उसात उभे राहिले तर आणखी जास्त. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. बांधाचा वाद असतो दीड-दोन फुटांचा. ज्या काट्यावर उसाची गाडी तोलतात त्यावर सोने तोलावे, तशी ही गोष्ट झाली.

चीनमध्ये तर कायद्यानेच नकाशे ठरवून सरकवलेले असतात. तिथे उपग्रहाच्या चित्रावर रस्त्याची रेघ काही शे मीटर बाजूला पडलेली आढळते. नदीवरचा पूल एकीकडे आणि रस्त्याची रेघ पाण्यातून! आपल्याकडे तसा प्रकार नाही. पण रेघ आणि चित्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यावरून चांगले ध्यानात येते.

मग क्षेत्र मोजायला हे चित्र चालते का?

चालते, पण हिशेब समजून. सगळे चित्र एका बाजूला सरकले असेल तरी क्षेत्र बदलत नाही. वाडग्यातले दूध वाडगा सरकवल्याने कमी होत नाही, तसेच. म्हणून चित्रावर हद्द पाहणे धोक्याचे असले तरी क्षेत्राचा अंदाज घेणे बरेच सोयीचे आहे. चूक होते ती कडेने बोट फिरवताना.

एक उदाहरण घ्या. २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब अशी पट्टी आहे. क्षेत्र २,००० चौरस मीटर, म्हणजे वीस गुंठ्यांना किंचित कमी. मोबाईलवर रेघ मारताना चारही बाजूंनी एक एक मीटर बाहेर गेले, बांध आणि पाटाची कडही आत धरली. तर पट्टी झाली २२ गुणिले १०२, म्हणजे २,२४४ चौरस मीटर. जवळजवळ अडीच गुंठे वाढले. शेकडा बारा! तीच एक मीटरची चूक पाच एकराच्या चौरस रानात केली तर वाढ शेकडा तीनपेक्षाही कमी. रान जितके लहान आणि अरुंद, तितकी कडेची चूक महाग. आणि वाटण्या होऊन आपल्या बहुतेक सभासदांची राने आता अरुंद पट्ट्याच झाली आहेत.

एकरी चाळीस टनांचा ऊस धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे त्या पट्टीवर अडीच टनांचा फरक. असा फरक हजार नोंदींत झाला तर अडीच हजार टन ऊस कागदावर उभा राहतो आणि रानात नसतो. मग टोळ्या किती लागतील, गाड्या किती, हंगाम किती दिवस चालेल, सगळा अंदाज चुकतो. शेवटी खोळंबा होतो तो सभासदाचाच. कोणाची तोड लांबते आणि उसाला तुरा येतो.

दर पाच दिवसांनी मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या फुकट चित्रांविषयीही लोक विचारतात. आभाळ मोकळे असेल तर दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच रानाचा फोटो देतात. शिवाय डोळ्यांना न दिसणारे किरणही ते टिपतात. हिरवे, जोमदार पान हे किरण जास्त परतवते आणि वाळणारे पान कमी. त्यावरून पीक कोठे मागे पडले, पाणी कोठे कमी पडते, हे दोन-चार एकराच्या रानात बऱ्यापैकी कळते. मात्र ठिपका एक गुंठ्याचा. वरच्या वीस मीटर रुंदीच्या पट्टीत शेजाऱ्याच्या रानाला न शिवणारी ठिपक्यांची ओळ बहुधा एकच बसते. बाकीच्या ठिपक्यांत अर्धा आपला ऊस आणि अर्धे शेजाऱ्याचे सोयाबीन. शिवाय ऊस एकदा दाटला, सरी झाकली गेली, की वरून सगळे सारखेच हिरवे दिसते. टनेज किती निघेल हे चित्र सांगत नाही. ते रानात जाऊन, फुटवे आणि कांड्या मोजूनच कळते.

सभासदांनी एवढे करावे

एक, चित्र पाहण्याआधी त्याची तारीख पाहावी. तारीख कळत नसेल तर त्यावरून कोणाच्या उभ्या पिकाविषयी बोलू नये.

दोन, रेघ सरकलेली दिसली तर आधी आजूबाजूच्या दहा रेघा पाहाव्यात. रस्ता, ओढा, विहीर पाहावी. सगळेच सरकले असेल तर चूक नकाशाची आहे.

तीन, हद्दीचा खरा संशय असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज द्यावा. मोबाईलचा नकाशा हा हद्दीचा पुरावा नव्हे. सरकारच्या संकेतस्थळावरचा गट नकाशाही माहितीसाठी आहे, मोजणीच्या जागी तो चालत नाही.

चार, ऊस नोंदीच्या वेळी आपला कर्मचारी रानाच्या कडेने फिरतो तेव्हा सभासदाने स्वतः बरोबर फिरावे. बांध, पाट, पडीक आणि विहिरीची जागा वगळून उसाखालचे क्षेत्र धरावे. कोपऱ्यावर थोडे थांबून मग खूण करावी. आलेला आकडा सात-बाराशी ताडून पाहावा आणि फरक वाटला तर त्याच दिवशी सांगावा.

पाच, लागणीची खरी तारीख द्यावी. तोडीचा नंबर त्या तारखेवर आहे आणि ती चित्रावरून बिनचूक ठरवता येत नाही. चित्र फार तर एवढेच सांगेल की अमुक दिवशी रान मोकळे होते आणि अमुक दिवशी हिरवे झाले.

त्या दोन भावांविषयी एवढेच सांगायचे की त्यांनी तक्रारीचा अर्ज दिला नाही. दोघांनी निम्मा निम्मा खर्च घालून मोजणी मागवायची असे ठरले. जाताना थोरले म्हणाले, "रेघंपायी वर्षभर बोललो नसतो आमी." धाकटे हसले. मोबाईल खिशात गेला आणि दोघे एकाच गाडीवर बसून गेले.

उपग्रहाचे चित्र हे रानाच्या एका दिवसाचे वरून टिपलेले रूप आहे. ते जरूर पाहावे, त्यातून शिकावे. पण निर्णय घ्यायचा तो रानात उभे राहूनच.

आपला,
शेतकी विभाग